मी मागून येतो

तेजश्रीला हैदराबादला येऊन आठवडा होत आला, पण मियापूरच्या त्या फ्लॅटमधल्या एकाही खुर्चीवर तिने धड बूड टेकलं नव्हतं. बसली की उठायची. उठली की गॅलरीत जायची, समोरून जाणारी मेट्रो दिसेनाशी होईतो बघायची, आत येऊन कपाट उघडायची, चिन्मयचे दोन स्वेटर काढून पलंगावर टाकायची आणि ते तिथंच विसरून स्वयंपाकघरात शिरायची. हाताला काम नसलं की तिचे अंगठे आपसूक ओट्याच्या कडेवर दाब द्यायला लागत. न्यूझीलंडमध्ये त्या अंगठ्यांखाली रोज कुणाची ना कुणाची पाठ असे. इथं नुसता ग्रॅनाइट.

ती आली होती नवऱ्याला न्यायला. चिन्मयचा व्हिसा आला होता. फ्लॅट रिकामा करायचा, सामान विकायचं किंवा वाटून टाकायचं आणि दोघांनी मिळून विमानात बसायचं, असं ठरलं होतं. येण्याआधी तिने त्याला रिकामी खोकी आणून ठेवायला सांगितली होती. खोकी त्याने आणली होती. पण ती घडी घातलेलीच, दाराआड भिंतीला टेकून उभी होती.

"आज पुस्तकांपासून सुरुवात करू या का?" ती रोज सकाळी विचारी.

"करू ना," चिन्मय लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणे. "एवढा रिलीज जाऊ दे. मग सुट्टीच टाकतो."

तो नाही म्हणत नव्हता. लग्न झाल्यापासून तो कशालाच कधी नाही म्हणाला नव्हता.

तेजश्री मूळची हैदराबादेतल्याच गौलीगुड्याची. तिचे वडील मुकुंदराव बिरादार बसच्या खात्यात कारकून होते. घराणं उदगीरकडचं; शेती भावकीकडे राहिली आणि हे लोक शहरात येऊन नोकरीला चिकटले. आई भामा तेजश्रीच्या लग्नाआधीच गेली. तेजश्री शिकली आणि माधापूरच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याच्या नोकरीला लागली. तिथंच पुण्याहून आलेला चिन्मय तिला भेटला. शांत, नीटनेटका, डबा खाऊन झाल्यावर तो तिथंच धुऊन ठेवणारा. दोन्ही घरांनी फार ताणलं नाही, लग्न झालं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिलसुखनगरच्या चौकात एका रिक्षाने तिच्या स्कूटीला धडक दिली. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा असा आखडला की वेणी घालता येईना. गोळ्या झाल्या, शेक झाले. शेवटी कुणीतरी कुसुमताईंचं नाव सांगितलं. कुसुमताई फिजिओथेरपिस्ट, कोचिंग क्लासच्या गजबजाटात, एका चपलांच्या दुकानावर त्यांचं क्लिनिक होतं. त्या यंत्रं कमी लावत आणि हात जास्त. पहिल्या दिवशी त्यांनी तेजश्रीच्या खांद्याच्या पात्याखाली बोटं सरकवली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. तेजश्रीला वाटलं, बाई विसरल्या की काय. मग खांद्यात कुठंतरी काहीतरी सैल सुटलं आणि ध्यानीमनी नसताना तिला रडू फुटलं.

"रड," कुसुमताई म्हणाल्या. "इथं सगळे रडतात. टॉवेल तिकडे आहे."

खांदा बरा झाला, पण तिचं तिथं जाणं थांबलं नाही. सुट्टीच्या दिवशी ती क्लिनिकमध्ये जाऊन उभी राहायची. कुसुमताई एखाद्या बाईच्या पाठीवर काम करता करता तिचा हात धरून म्हणत, "इथं ठेव. काय लागतंय? दगड की दोरी?" तेजश्री काही सांगायला गेली की म्हणत, "आधी हात गरम कर, मग तोंड बंद कर." दिवसभर कानाला हेडफोन लावून न दिसणाऱ्या माणसांच्या शिव्या खाणाऱ्या तेजश्रीला पहिल्यांदाच वाटलं, की समोरच्या माणसाचं काहीतरी आपल्या हातून बरं होऊ शकतं. ते वाटणं मग तिला सोडेना. नोकरीत तिचं लक्ष उडालं. रोज नवे कोर्स शोधायची. शेवटी न्यूझीलंडमधल्या एका कॉलेजात मसाज थेरपीच्या शिक्षणाला तिला प्रवेश मिळाला.

"मालिश शिकायला परदेशात?" पुण्याहून सासूबाई, रंजनाताई, फोनवर म्हणाल्या. नंतर त्यांनीच नातेवाइकांत 'सूनबाई फिजिओथेरपीसाठी गेली' असं सांगून टाकलं. कुणी फार खोदलं की त्यांच्या फोनची रेंज जायची. मुकुंदराव एवढंच म्हणाले, "माणसाचं अंग हाय. त्यात लाज कसली?"

आणि चिन्मय म्हणाला, "तू जा. मी मागून येतो."

इन्व्हरकार्गिल हे त्या देशाच्या पार दक्षिणेचं गाव. त्याच्यापुढे समुद्र आणि मग बर्फच. शिक्षण संपल्यावर तेजश्रीने एका औषधाच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली, तोंडासाठी भोक असलेलं टेबल आणलं, वाचनालयाच्या फळ्यावर आपलं कार्ड लावलं आणि वाट बघत बसली. कितीतरी दिवस दारातून फक्त वारा आत आला. घरमालकीण एकदा येऊन गेली, ती दयेपोटी. तेजश्रीने तिचीच पाठ अशी मन लावून केली की ती पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन आली. मग एक दिवस डग नावाचा माणूस आला. मेंढ्यांची लोकर कातरणं हा त्याचा धंदा. दिवसभर कमरेत वाकून, मेंढी गुडघ्यांत धरून कातरायची. कंबर लाकडासारखी झाली होती. तीन-चार खेपांत तो सरळ उभा राहायला लागला आणि त्याने आपल्या टोळीला सांगितलं. टोळीची माणसं गावात येऊन मसाज करून घ्यायला लाजत. तेव्हा तेजश्रीनेच टेबल गाडीत टाकलं आणि ती शेडवर गेली.

तो दिवस ती कधी विसरली नाही. पत्र्याची लांब शेड, लोकरीचा तेलकट वास, कुत्र्यांचं भुंकणं, आणि चहाच्या सुट्टीत बनियनवर उभी असलेली ती आडदांड माणसं, एकमेकांना 'तू आधी' म्हणणारी. पहिला आडवा झाला, मग ओळीने सगळे. त्यांना तिचं नाव धड घेता येत नव्हतं, 'तेज' म्हणत. ती कुणाची मुलगी, कुणाची सून, कुठल्या जातीची, नवरा कुठे, कुणी विचारलं नाही. पण टेबलावर पालथं पडलं की तीच माणसं आपणहून बोलायला लागत: बायको सोडून गेलेली, मुलगा बोलत नाही, गुडघा गेला तर पुढे काय. चेहरा दिसत नसला की माणूस खरं बोलतं, हे ती तिथं शिकली.

हळूहळू तिच्या वेळा भरत गेल्या. संध्याकाळी ती हे सगळं चिन्मयला फोनवर सांगे. इकडे त्याची दुपार असे. तो 'वा!' म्हणे, आणि 'येतो, येतो' म्हणे.

आता ऐन हंगामात ती इकडे आली होती. तिच्या जागी ग्वेन नावाची मैत्रीण काम बघत होती. रोज तिचा निरोप येई. "डगने माझ्याकडे वेळ घेतली. चालेल ना?" तेजश्री 'अर्थात' असं लिहून पाठवी आणि मग घरभर फिरत राही.

अखेर त्या शनिवारी ती एकटीच गौलीगुड्याला गेली. बसस्थानकाजवळच्या गल्लीतलं ते घर तिच्या पायांना पाठ होतं, तरी दारातून आत गेल्यावर ती थबकली. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला स्टीलची दांडी बसवली होती. नवा गीझर होता. वडिलांच्या खुर्चीजवळ वाचायचा दिवा होता.

"हे कुणी केलं, अप्पा?"

"चिन्मयरावांनी." मुकुंदराव ओट्यापाशी अंबाडीच्या आंबट पाल्याच्या जुड्या निवडत होते. "मोतीबिंदूच्या वेळी इथंच राह्यले ना. तेव्हा म्हणाले, अप्पा, तुम्ही घसरताल."

"राहिले? किती दिवस?"

"पट्टी निघून चांगलं दिसायला लागेपर्यंत. तुला बोलले नाहीत?"

ऑपरेशन झालं हे तिला माहीत होतं. 'मी बघतो, तू काळजी करू नकोस,' असं चिन्मय म्हणाला होता. बघतो म्हणजे काय, हे तिने विचारलं नव्हतं.

"आणि ही एवढी पुंडीची भाजी कुणाला? तुम्हाला तर पित्त होतं."

"उद्या रविवार ना. ते येतात. त्यांना आवडते." मुकुंदराव जरा लाजले. "दर रविवारी येतात. तू आलीस म्हणून उद्या येतात का नाही, काय म्हाईत. पण आणून ठेवली."

तेजश्री उंबऱ्यावर बसली आणि लगेच उठली. मुकुंदरावांनी तिच्याकडे बघितलं. "तेजू, एक विचारू? त्यांचं सामान बांधून झालं का?"

"नाही."

"हं."

"हं काय, अप्पा?"

"काही नाही. तू त्यांनाच विचार. मी सासरा माणूस, मधी बोलू नये."

परत जाताना मेट्रोत तिला या आठवड्यातल्या बारीकसारीक गोष्टी आठवायला लागल्या. चिन्मय भाजीवाल्याशी घासाघीस करताना म्हणाला होता, "क्या भाई, कायकू इत्ता बोलरै?" आणि ती खळखळून हसली होती. लग्न झालं तेव्हा याच माणसाला 'हो'च्या जागी 'हौ' म्हणायची लाज वाटायची. दिवाळीत घडलेली गोष्ट सांगताना तो 'परवा' म्हणाला होता. होऊन गेलेलं सगळं 'परवा'तच बसवायचं, ही अस्सल हैदराबादची खोड. पुण्याचा माणूस तारखेसकट बोलतो. तो 'परवा' म्हणायला लागला, म्हणजे तो इथला झाला होता.

रविवारी तो गौलीगुड्याला गेला नाही. 'मान धरलीय' म्हणाला. दुपारी जेवण झाल्यावर तेजश्रीने हॉलमध्ये गादी टाकली, टॉवेलची गुंडाळी केली आणि म्हणाली, "झोप पालथा. बघते."

तिने तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि त्याच्या मानेच्या बुडाशी ठेवले. नुसते ठेवले. डगच्या कमरेसारखं हे अंग थकून आखडलेलं नव्हतं. ते जागं होतं. तिचा हात जाईल तिथं ते आधीच सावध होत होतं, श्वास अर्ध्यावर अडत होता. तिने दाब दिला नाही, वाट बघितली. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"चिन्मय," ती म्हणाली, "तुला यायचंय का?"

टॉवेलमध्ये तोंड खुपसलेल्या अवस्थेतच तो म्हणाला, "नाही."

तो तिने त्याच्या तोंडून ऐकलेला पहिला नकार. आणि हाताखाली त्याची मान सैल पडली.

तिने हात काढून घेतले. "केव्हापासून?"

"माहीत नाही. हळूहळू."

"मग व्हिसाचे कागद कशाला भरलेस? मी तिकडे दोघांसाठी मोठी जागा बघतेय! घरमालकिणीला सांगून ठेवलंय मी."

"तू फोनवर इतकी खूश असायचीस गं. वाटलं, कागद भरता भरता मन होईल." तो उठून बसला. गालावर टॉवेलची नक्षी उमटली होती. "तू गेल्यावर पहिले सहा महिने रविवार मला खायला उठायचा. एकदा अप्पांची औषधं द्यायला गेलो, त्यांनी जेवायला बसवलं. मग जायला लागलो. आता त्या गल्लीत लोक मला ओळखतात. 'बिरादार साब के दामाद' म्हणतात. चहावाला विचारतो, परवा दिसला नाहीत? पुण्यात मी आईबाबांचा मुलगा होतो, इथं कंपनीचा माणूस होतो. आपलं घर म्हणतात ते मला आता कुठं मिळतंय, तेजू."

"ते माझं घर आहे," ती म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच ते खेळणं हिसकावणाऱ्या पोरीसारखं वाटलं.

"हो. आणि तू तिथून गेलीस."

तो हे भांडून म्हणाला नव्हता. तेच तिला सहन झालं नाही. तिने पर्स उचलली आणि चपला पायात अडकवून ती बाहेर पडली.

कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. मेट्रोत बसली आणि नामपल्लीला उतरली, कारण डब्यातली निम्मी गर्दी तिथं उतरली. सगळे नुमाइशला चालले होते. तीही त्या लोंढ्याबरोबर प्रदर्शनाच्या मैदानात शिरली. बांगड्या, गालिचे, लोणच्यांच्या बरण्या, पाळण्यात बसून किंचाळणारी पोरं. माणसं तिला खांदा मारून पुढे जात होती, आणि तो धक्का तिला चक्क बरा वाटत होता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की इतक्या दिवसांत तिने शेकडो पाठींना हात लावला, पण तिच्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. ती सांगायची, तो ऐकायचा. त्याच्या रविवारचं काय, हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं का, हेही तिला ठाऊक नव्हतं. राग त्याच्यावर होता, स्वतःवर होता, आणि दोन्ही राग एकमेकांत असे गुंतले होते की कुठला कुणाचा ते सुटेना. मैदानाला दोन वेढे घालून ती बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती कुसुमताईंकडे गेली. ताईंचे केस पुरते पांढरे झाले होते आणि बोटांचे सांधे सुजले होते.

"ताई, मी इथंच सुरू केलं तर?"

कुसुमताईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मागची खोली रिकामी आहे. माझ्याच्याने आता सगळ्या बायका होत नाहीत. पण आधी चार दिवस काम कर, मग बोल."

तेजश्रीने काम केलं. जयवंता नावाची एक शिक्षिका आली. कोचिंग क्लासमध्ये दिवसभर फळ्यावर लिहून तिचा दंड भरून यायचा. तेजश्रीचे हात चालायला लागले तसं तिचं डोकंही ताळ्यावर आलं. जयवंता उठली, हात वर-खाली करून बघितला आणि खूश होऊन विचारायला लागली, "ताई, तुम्ही कुठल्या? मिस्टर काय करतात? फॉरेनला होतात, मग परत का आलात? मुलं?" तेजश्रीने हसून उत्तरं दिली. पुढच्या बाईनेही तेच विचारलं. त्यापुढच्या बाईने तिच्या मावशीला ओळखलं. त्यात वाईट काही नव्हतं. माणसं आपलेपणानेच विचारत होती.

पण संध्याकाळी दिलसुखनगरहून मेट्रोत बसल्यावर तिचं लक्ष दारावरच्या नकाशाकडे गेलं. एकच लाल रेघ. या टोकाला क्लिनिक, मधे माहेर, मग नामपल्ली, त्या टोकाला सासर म्हणावं असा फ्लॅट. आपलं सगळं आयुष्य या एका रेघेवर मावतंय, आणि उद्यापासून रोज या टोकाहून त्या टोकाला जायचं. तिला बसून राहवेना. ती गौलीगुड्याला उतरली.

मुकुंदराव दारात खुर्ची टाकून बसले होते. ती पायरीवर बसली.

"अप्पा, त्यांना यायचं नाही."

"हौ."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"वाटत होतं. ठाऊक नव्हतं." ते म्हणाले, "मी त्यांना बोलावलं नव्हतं, तेजू. ते आले. आलेल्या माणसाला दार लावू का?"

"नका लावू." मग तिने विचारलं, "अप्पा, मी स्वार्थी आहे का?"

"हाईस थोडी," मुकुंदराव म्हणाले, आणि तिने चमकून बघितल्यावर हसले. "तुझी आई म्हणायची, ही पोर जेवतानाबी उभीच. बसव म्हणायची तिला. कोण बसवणार?"

"मी थांबू का इथं? कुसुमताई जागा देतायत. तुमच्याजवळ राहीन."

समोरून एक माणूस केळ्यांची गाडी ढकलत गेला. त्याला मुकुंदरावांनी हात केला.

"थांबलीस तर मला बरं वाटेल. खोटं कशाला बोलू? पण तू माझ्यासाठी थांबशील, आणि मग रोज मला दाखवशील की माझ्यासाठी थांबलीस. तोंडानं नाही दाखवणार. भांडी आपटून दाखवशील. ते मला झेपायचं नाही, बाई. तुझ्या मनानं थांबणार असशील तर उद्या ये. नाही तर जा."

ती पायरीवरून उठली, आत जाऊन त्यांच्यासाठी आणि स्वतःसाठी भाकरी थापायला लागली. पहिली भाकरी फाटली. तिने ती तशीच तव्यावर टाकली.

आपण परत जातोय, हे तिने कुसुमताईंना सांगून टाकलं. जायच्या दिवशी विमानतळावर सोडायला चिन्मयनेच गाडी काढली. त्या सगळ्या दिवसांत ते दोघं रडले होते, ओरडले होते, दोनदा सगळं मिटलं असं समजून पिक्चरला जाऊन आले होते आणि अर्ध्यातून उठून परतही आले होते. आता वाटेत दोघं फ्लॅटचं काय करायचं, बँकेत तिचं नाव ठेवायचं का, असलं बोलत होते. तो फ्लॅट सोडून गौलीगुड्याजवळ जागा बघणार होता. वाटेत इराणी चहाला थांबले. तिचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

"जुलैत येऊ का?" चिन्मयने बशीतलं बिस्किट फिरवत विचारलं. "नुसतं बघायला. तू काय करतेस ते मी कधी बघितलंच नाही."

"ये," ती म्हणाली. "पण परतीचं तिकीट काढूनच ये."

त्याने तिच्याकडे बघितलं. ती टोमणा मारत नव्हती.

तिकडे पोचल्यावर तिला दिसलं, की निम्मे लोक ग्वेनचे झाले होते. तिने पुन्हा टेबल गाडीत टाकलं आणि नवनव्या शेडवर जायला लागली. हातांना सूज आली, पण काही महिन्यांत वेळा पुन्हा भरल्या.

चिन्मय जुलैत खरंच आला, तिकडच्या ऐन हिवाळ्यात. एक दिवस त्याने तिचं टेबल उचलून शेडपर्यंत नेलं. कोपऱ्यात गोणीवर बसून, कानटोपी ओढून, त्याने तिला काम करताना पाहिलं. डग लंगडत आला आणि सरळ आडवा झाला. तेजश्रीने त्याच्या कमरेवर हात ठेवले आणि तिचा चेहरा इतका शांत झाला की चिन्मयला तो ओळखीचा वाटेना. परत येताना गाडीत तो म्हणाला, "तुला परत चल म्हणायचं, असं ठरवून आलो होतो मी."

"मग म्हण की."

"आता कसं म्हणू?" तो म्हणाला आणि काचेवरचं धुकं बाहीने पुसायला लागला.

संध्याकाळ झाली की गाव चिडीचूप होई. ती शांतता त्याच्या अंगावर येत होती. हीटरला पाय लावून तो रोज मुकुंदरावांना फोन करी, डोळ्यांत थेंब घातले का विचारी. दिवस भरले तसा तो परत गेला.

त्यांनी काडीमोड घेतलेला नाही. एकत्र राहण्याची तारीखही ठरवलेली नाही. रंजनाताई लोकांना सांगतात, 'दोघांची कामं दोन जागी आहेत.' ते खोटं नाही. कधी तेजश्रीला वाटतं, हे असंच चालेल. कधी वाटतं, एक दिवस दोघांपैकी कुणीतरी थकून फोन करायचं थांबेल, आणि ते थकणारं माणूस आपण असू की चिन्मय, हे तिला सांगता येत नाही.

रविवारी गौलीगुड्याहून फोन येतो. आधी अप्पा बोलतात, मग चिन्मय, मग दोघं एकदमच. त्यांचं हसणं, मागचे बसचे भोंगे, कुणीतरी दारातून मारलेली हाक, सगळं ऐकू येतं. फोन ठेवला की ती टेबलावरच्या चादरी धुवायला टाकते, गाडीची किल्ली घेते आणि दक्षिणेकडचा रस्ता धरते. रस्ता संपतो तिथं समुद्र आहे. ती इंजिन चालू ठेवून जरा वेळ लाटा बघते, मग गाडी वळवते.